गोठ्यातली नोकरी

पत्र:

"माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. बोलतो, पण मोजकं. मुक्त विद्यालयातून दहावी झाला. मग घणसोलीला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. एक्सेल त्याला छान जमायला लागलं होतं, पण तिथला गोंगाट आणि ट्यूबलाइटची घरघर सोसेना, म्हणून सुटलं. तेव्हापासून घरीच असतो. दिवाळीत आम्ही मुरबाडजवळ माझ्या भावाकडे गेलो होतो. त्याच्याकडे वीस-पंचवीस शेळ्या, दोन गाई आणि कोंबड्या आहेत. इथे दहाला उठणारा मुलगा तिथे पहाटे आपणहून गोठ्यात जाऊन बसायचा. दोन काळ्या शेळ्या अगदी सारख्या दिसतात, त्यातली एक मागच्या पायाने लंगडतेय हे त्याने भावाच्या आधी ओळखलं. भाऊ म्हणतो, 'ठेव माझ्याकडे.' माझे मिस्टर म्हणतात, एवढी वर्षं थेरपीला पैसा ओतला तो गुरं राखायला का? जाऊबाई तर तोंडावर हसल्या. मला कळत नाहीये, ही त्याची थेरपी होईल, की मी माझ्या मुलाला टाकून देतेय? — एक आई, ऐरोली"

उत्तर:

ताई, नमस्कार.

थेरपी म्हणून त्याला पाठवू नका. टाकून देण्याचा तर प्रश्नच नाही, ज्याला टाकायचं असतं त्याच्यासाठी कुणी एवढं पत्र लिहीत नाही. तिथे त्याला नोकरी आहे का, एवढंच आपण बघू. वेळ ठरलेली, काम ठरलेलं, पगार ठरलेला आणि 'मला जमत नाही' म्हणायची मुभा, अशी नोकरी. हे चार असेल तर पाठवा. यातलं एखादं नसेल तर तो मामाच्या घरचा फुकटचा गडी होईल, आणि मग जाऊबाईंचं हसू खरं ठरेल.

दिवाळीत त्याचं जमलं ते का, हे आधी नीट बघायला हवं, नाहीतर आपण चुकीच्याच गोष्टीला श्रेय देऊ. गावची मोकळी हवा वगैरे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या या मुलांचा निम्मा दिवस माणसांचे चेहरे वाचण्यात जातो. समोरचा हसला तो कौतुकाने की टोमण्याने? 'बघू हं' म्हणजे हो की नाही? शेळीच्या बाबतीत ही कटकट नाही. भूक लागली की ओरडते, पोट भरलं की बसून रवंथ करते, आवडलं नाही तर शिंग देते. 'काय रे, हल्ली काय करतोस?' असं तर मुळीच विचारत नाही. दिवाळीत नातेवाइकांनी भरलेल्या घरात तो पहाटे उठून गोठ्यात का गेला असेल, याचा अंदाज मला तरी येतो.

शिवाय तिथे दिवसाला आपोआप घडी पडते. ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये तो दहाला उठला काय आणि बाराला उठला काय, कुणाचं अडत नाही. गोठ्यात अडतं. रविवार असो की गणपती, पाणी, पाला, झाडलोट वेळेवर लागते, आणि ज्याला रोज तेच त्याच क्रमाने हवं असतं त्याला हा त्रास वाटत नाही, उलट बरं वाटतं. त्यात बादल्या उचलायच्या, पेंढ्याचे भारे ओढायचे, शेण भरायचं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट याला 'हेवी वर्क' म्हणतात. सांध्यांना आणि स्नायूंना असा भार मिळाला की पुष्कळ मुलांची अस्वस्थता उतरते. तुम्ही सेंटरवर तासाचे पैसे भरून त्याच्याकडून जड चेंडू ढकलून घेतलेच असतील. तिथे चेंडूच्या जागी भारा आहे, आणि भारा जागेवर पोचला नाही तर कुणीतरी उपाशी राहतं.

आता ती लंगडी शेळी. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांची नजर आधी बारकाव्यावर जाते, आख्खं चित्र नंतर येतं. वर्गात यालाच आपण 'लक्ष नाही' म्हणतो. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १९४७ चा, साडेतीन वर्षांपर्यंत बोलल्या नव्हत्या. किशोरवयात ॲरिझोनामध्ये नात्यातल्या एका बाईंच्या रँचवर उन्हाळा घालवला आणि तिथून गुरांच्या कामात शिरल्या, त्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक होईपर्यंत. गुरं अमुक एका वाटेवर का बिचकतात हे कळेना, तेव्हा त्या स्वतः त्या अरुंद वाटेतून चालत गेल्या. लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, कुंपणावर टाकलेला कोट, या गोष्टी गुरांना अडवतात हे त्यांना दिसलं. रोज तिथे राबणाऱ्या गड्यांना दिसलं नव्हतं. आता, प्रत्येक मूल टेंपल ग्रँडिन होत नाही. आपल्याकडे ऑटिझम म्हटलं की लोक लगेच एखादा अलौकिक गुण शोधायला लागतात, त्याचा मला मनापासून वैताग आहे. मामाच्या गोठ्यात बारीक नजर उपयोगी पडते, तेवढं आपल्याला पुरे.

एक काम मुद्दाम सुचवते. शेळीच्या पोटात रक्त पिणारे जंत झाले की तिच्या डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी पडते. तब्येत चांगली असेल तर ती लालसर गुलाबी, आणि जंत फार झाले की जवळजवळ पांढरी. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी यासाठी पाच छटांचा एक तक्ताच बनवला. प्रत्येक शेळीचं डोकं धरायचं, अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढायची, रंग तक्त्याशी ताडायचा, वहीत आकडा लिहायचा. पावसाळ्यात जंत वाढतात तेव्हा हे नियमाने करावं लागतं, आणि बहुतेक शेळीपालक कंटाळून सोडून देतात. तुमचा मुलगा सोडणार नाही, असा माझा अंदाज आहे. गावच्या पशुवैद्यकांना एकदा दाखवायला सांगा. औषध मात्र त्यांनाच ठरवू दे.

तुमच्या मिस्टरांचं दुखणं मला समजतं. 'अभ्यास कर, नाहीतर गुरं राखायला जा' हे ऐकतच आपल्या पिढ्या मोठ्या झाल्या. त्यांना असं वाटत असणार की आपण हरलो. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, त्यांच्याच वाटणीला एक काम द्या. मुलाला एक्सेल येतं. शेळी साधारण १५० दिवस गाभण असते. बोकड लावल्याची तारीख टाकली की व्यायची अंदाजे तारीख काढणारा तक्ता बापलेकांनी मिळून करावा. वजनं, जंताचं औषध, लशी, खाद्याचा खर्च, सगळं त्यात. पावसाळ्याआधी आंत्रविषार या शेळ्यांच्या आजाराची लस कुणाला टोचली, कुणाची राहिली, हे मामांच्या डोक्यात असतं आणि कधीकधी नसतंही. मामांना नेटकी नोंद मिळेल आणि क्लासची फीही वाया जायची नाही.

याला पुरावा काय, असं मिस्टर विचारतीलच. आहे, पण बेताचा. कोलोरॅडोत ६ ते १६ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांना दहा आठवडे घोडेस्वारी देऊन पाहिली, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तुलनेसाठी दुसरा गट त्याच तबेल्यात घोड्यांविषयी शिकत होता, फक्त त्यांच्यासमोर खऱ्या घोड्याऐवजी कापूस भरलेला पूर्ण उंचीचा घोडा होता. खऱ्या घोड्यावर बसणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली. म्हणजे जिवंत जनावराने काहीतरी फरक पडतो. पण घोडा म्हणजे शेळी नाही, दहा आठवडे म्हणजे आयुष्य नाही, आणि तुमचा मुलगा त्या वयाचाही नाही. ऑटिझम 'बरा' होईल असं कुणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करून दारातूनच परत पाठवा. मला नेदरलँड्सचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. तिथे हजाराहून जास्त शेतांवर बौद्धिक अपंगत्व असलेली, ऑटिझम असलेली, विस्मरणाचा आजार असलेली माणसं दिवसा कामाला येतात. शेत चालू शेत असतं, दूध डेअरीला जातं, आणि शेतकऱ्याला या सोबतीचा सरकारी पैसाही मिळतो. आपल्याकडे पुण्याजवळ कोळवणला साधना व्हिलेज आहे, तिथे बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसं एकत्र कुटुंबासारखी राहतात. मिस्टरांना घेऊन, आधी विचारून, एकदा बघून या.

भाऊ 'ठेव' म्हणाला. वहिनी काय म्हणाल्या, ते पत्रात नाही. ताई, शेळ्या भाऊ दाखवेल, पण मुलाचा डबा, शेणाने भरलेले कपडे, रात्री झोप लागली नाही तर उठून बसणं, वरणात मोहरी दिसली की ताट सरकवणं, हे सगळं वहिनींच्या वाट्याला येणार. तेव्हा आधी त्यांच्याशी बोला, भाऊ समोर नसताना बोला, आणि त्याच्या राहण्या-जेवण्याचे पैसे त्यांच्या हातात दरमहा द्या. त्या नको म्हणतील. तरी द्या.

भावाकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या. गावात गड्याला जी मजुरी मिळते ती तासांच्या हिशोबाने मुलाच्या खात्यात जमा व्हायला हवी. 'घरचंच पोर, पैसे कसले' हे वाक्य येईलच. शेळ्या विकून पैसे येतात, तर ज्याने त्या सांभाळल्या त्याला वाटा हवा. सुरुवातीला शिकतोय म्हणून अर्धा घ्या हवं तर, पण शून्य नको. आणि सांगणारा माणूस एकच असावा. 'जरा बघ रे शेळ्यांकडे' याचा त्याच्यासाठी काहीच अर्थ होत नाही, तो उभा राहून शेळ्यांकडे बघत बसेल आणि त्याचं काही चुकलं नसेल. 'सात वाजता दोन बादल्या पाणी, मग सुबाभळीचा पाला, मग झाडू' असं सांगायचं. गोठ्याच्या भिंतीवर फोटोंचा तक्ता लावला तर उत्तम. कामाचा क्रम बदलणार असेल तर आदल्या रात्री सांगायचं.

कडबाकुट्टी, म्हणजे चारा कापायचं यंत्र, त्याच्या हातात नको, निदान पहिलं वर्षभर तरी. यंत्राने बोटं जातात, आणि तिचा आवाज तर त्या ट्यूबलाइटच्या शंभरपट. ती चालू असेल तेव्हा त्याने कुठे जायचं ते ठरवून ठेवा, कानांवर हेडफोन द्या. सुरुवात शेळ्या आणि कोंबड्यांपासूनच करा. गाय मोठी असते, बाजूलाही लाथ मारते, आणि मागून आवाज न देता कुणी आलं की बिचकते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. बोकड विकले जातात. बकरी ईदला, जत्रेला, रविवारच्या मटणाला. तुमच्या मुलाने त्यांना नावं ठेवलेली असणार. बहुतेक घरांत अशा वेळी 'तो दुसऱ्या गावाला गेला' म्हणतात. तुमच्या मुलाला असं सांगू नका. तो शब्दाला शब्द धरतो. कुठल्या गावाला, कधी येणार, हे तो महिनोन्महिने विचारत राहील, आणि खरं कळलं की पुढे कुणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही. पहिल्याच आठवड्यात सरळ सांगायचं: या शेळ्या दुधासाठी आणि पिलांसाठी राहतात, हे बोकड मोठे झाले की विकतात, विकल्यावर त्यांना कापतात. विकायच्या बोकडांच्या गळ्यात वेगळ्या रंगाचं दावं बांधा, म्हणजे रोज डोळ्यांसमोर राहील. तारीख आधी कळू द्या. त्या दिवशी तिथे थांबायचं की ऐरोलीला यायचं, हे त्याला ठरवू द्या. काही मुलं हे आपल्यापेक्षा शांतपणे घेतात. काहींना अजिबात सोसत नाही, जेवण सुटतं, झोप जाते. तसं झालं तर भावाच्या दोन गाई आणि अंड्यांच्या कोंबड्या एवढंच त्याचं काम ठेवा. एखादं करडू मरेल, तेव्हाही खोटं बोलू नका. आणि 'तुझ्यामुळे मेलं' असं रागाच्या भरातसुद्धा कुणी म्हणता कामा नये, हे घरातल्या प्रत्येकाला बजावा.

सुरक्षेचं थोडक्यात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पावसात गमबूट घातल्याशिवाय गोठ्यात जायचं नाही, लेप्टोची (जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती खरी आहे. अंधारात बॅटरी हवीच, त्या भागात घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत. कुत्रं चावलं तर लपवायचं नाही, जखम साबणाने धुवून त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. शेळी वेळेआधी विते तेव्हाची वार उघड्या हाताने उचलायची नाही, कच्चं दूध प्यायचं नाही. त्याला फिट्स येत असतील तर विहीर, नदी, झाड या तिन्ही ठिकाणी एकट्याने जाणं बंद. आपल्या मुलांना दुखणं किंवा तहान वेळेवर सांगता येत नाही, तेव्हा दर तासाला पाणी हे तक्त्यातच टाका. आणि एक गोष्ट सगळे टाळतात म्हणून मीच बोलते: शेत मोकळं असतं, आडोसे खूप असतात. कुणी कुठे हात लावलेला चालत नाही आणि लावला तर कुणाला फोन करायचा, हे त्याला नेमक्या शब्दांत शिकवून मगच पाठवा. ओळखीचं गाव आहे म्हणून यात सूट नाही.

कागदपत्रांचं बघून घ्या. ऑटिझमचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट समावेश आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा. लोकलच्या दिव्यांग डब्यापासून एसटीच्या सवलतीपर्यंत लोक तेच विचारतात. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात ऑटिझम येतो. १८ वर्षांनंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत हेही लक्षात असू द्या. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. तुमचा मुलगा स्वतःचं स्वतः ठरवू शकत असेल तर त्या फंदात पडूच नका.

कुणीतरी तुम्हाला राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या अनुदानाचं सांगेल. योजना खरी आहे, भांडवली खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळतं. पण मुलाच्या नावावर धंदा उभा करायची घाई नको. कर्ज झालं की शेळ्या आजारी पडल्या म्हणून घरात तणाव, आणि तो तणाव सगळ्यात आधी त्याला जाणवतो.

सुरुवात कधी करायची? पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरते, तेव्हा त्या पट्ट्यात बैलांचे व्यापारी, गाड्या आणि लाउडस्पीकर यांची गर्दी असते, घरोघरी पाहुणे. ते दिवस उलटू द्या. मग शुक्रवारी संध्याकाळी जाऊन सोमवारी परत, असे काही आठवडे करा. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून कल्याण, कल्याणहून मुरबाडची एसटी हा प्रवास आधी तुम्ही बरोबर करा, मग तुम्ही मागच्या डब्यात बसा, मग पुढचं बघू. माझ्या मते या सगळ्यात त्याला सर्वांत जास्त मिळणार आहे ते या प्रवासातूनच. जमलं की आठवड्याचे पाच दिवस करा आणि शनिवार-रविवार घरी आणा. त्याचं घर ऐरोलीलाच आहे. त्याची खोली आवरून शिलाई मशीन तिथे नेऊ नका.

आणि तो नको म्हणाला तर? दिवाळीचे आठ दिवस आवडणं आणि जूनच्या चिखलात रोज शेण काढणं यात फरक आहे. काहींना तो वास दुसऱ्या आठवड्यात असह्य होतो. नाही म्हणाला तर नाही, त्यात 'मामाने एवढं केलं' आणू नका. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. त्याला कुठलं काम झेपेल याची नीट तपासणी तिथे करून घ्या, आणि तिथे ही दिवाळीची गोष्ट तपशिलाने सांगा. प्राण्यांची आवड असेल तर जवळच्या पशुवैद्यकाच्या दवाखान्यात दिवसाचे दोन तास, किंवा झाडांच्या नर्सरीत काम, हेही बघता येईल. ठाण्याजवळ येऊरच्या जंगलातल्या पाड्यांवर शेळ्या आहेत म्हणून तिकडे पाठवा असं कुणी सुचवलं तर मात्र मी नाहीच म्हणेन, तिथे बिबट्या आहे.

वहिनींशी बोलणं झालं की कळवा, आणि पगार किती ठरला तेही लिहा.